वीस टक्के इथेनॉलनं किती तेल वाचतं?

२०२५ साली देशभरातल्या पंपांवर ई-२० पेट्रोल आलं, म्हणजे ८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल, आणि वाद पेटला. जुन्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज पडलं, रबरी नळ्या खराब होतात, गिऱ्हाइकाला निवड का नाही, असं एका बाजूचं म्हणणं. परकीय चलन वाचतं, उसाचा पैसा वेळेवर मिळतो, धूर कमी होतो, असं दुसऱ्या बाजूचं. बिनइथेनॉलचं पेट्रोलही पंपावर मिळावं अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. घराघरांतल्या चर्चा मात्र थांबल्या नाहीत.

अ‍ॅव्हरेजचा मुद्दा आधी उरकून घेऊ, कारण त्यात गूढ काही नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे मिश्रण वाढलं की लिटरमागे अंतर घटणारच. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीनं २०२१च्या अहवालात हे आकड्यांत मांडलं होतं: मुळात साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवून घेतलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के घट, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के, आणि १० टक्क्यांसाठी घडवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के. म्हणजे तक्रार करणाऱ्यांना भास होत नाहीये, आणि ‘गाडी निम्म्यावर आली’ म्हणणारेही ताणून सांगताहेत. नव्या गाड्यांचे सुटे भाग एप्रिल २०२३ पासून ई-२० सोसतील असे बनवले जातात. त्याआधीची गाडी असलेल्या माणसाला ही घट पंपावरच, ठळक अक्षरांत, सांगायला हवी होती. तेवढा त्याचा हक्क होता.

पण या सगळ्या वादात एक प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. यानं देशाचं एकंदर तेल किती वाचलं?

हिशेब कागदावर करता येतो. २०२४-२५ मध्ये भारतानं सुमारे ४ कोटी टन पेट्रोल वापरलं. लिटरमध्ये ते साडेपाच हजार कोटींच्या आसपास जातं. त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे ११०० कोटी लिटर इथेनॉल. इथेनॉलची ताकद दोन तृतीयांश धरली, तर त्यानं जागा घेतली सुमारे सव्वासातशे कोटी लिटर पेट्रोलची, म्हणजे वजनात पन्नास-पंचावन्न लाख टनांची. नव्या पद्धतीच्या इंजिनात इथेनॉलच्या चांगल्या ऑक्टेनमुळे, म्हणजे अवेळी पेट न घेण्याच्या गुणामुळे, यातला थोडा तोटा भरून निघतो, ते धरा हवं तर. आता देशात त्याच वर्षी सर्व प्रकारचं मिळून पेट्रोलियम वापरलं गेलं जवळपास २४ कोटी टन. भागाकार केला की उत्तर येतं दोन टक्क्यांच्या जरा वर. ऊस आणि मका पिकवताना ट्रॅक्टरनं जाळलेलं डिझेल यातून अजून वजा केलेलंच नाही.

वीस टक्के ऐकायला मोठं वाटतं, कारण ते पेट्रोलचे वीस टक्के आहेत. आणि पेट्रोल हा आपल्या तेलाचा मोठा भाग नाहीच. मोठा भाग डिझेल आहे: त्या वर्षी ९ कोटी टनांच्या वर, पेट्रोलच्या दुपटीहून जास्त. ट्रक, एसटी, ट्रॅक्टर, जेसीबी, जनरेटर, कोकण किनाऱ्यावरच्या मासेमारी बोटी, सगळं डिझेलवर. त्या बोटींना सरकार ‘डिझेल परतावा’ देतं, इतका तो खर्च त्यांच्या जगण्याच्या मुळाशी आहे. त्याखालोखाल पेट्रोल, मग स्वयंपाकाचा गॅस ३ कोटी टनांच्या वर, शिवाय विमानाचं इंधन, रस्त्याचं डांबर, आणि प्लास्टिक व रसायनांच्या कारखान्यांत जाणारा नाफ्था. डिझेलमध्ये इथेनॉल सहजी मिसळत नाही. म्हणून ऊस कितीही गाळला तरी ट्रकच्या टाकीपर्यंत तो पोचत नाही.

इथेच आपल्या सार्वजनिक चर्चेतला सगळ्यात मोठा गोंधळ दिसतो. ‘तेल सोडून सौर ऊर्जेकडे वळा’ हे वाक्य भाषणांत, अग्रलेखांत, शाळेच्या निबंधांत सर्रास येतं. पण भारतात तेल जाळून वीज जवळजवळ बनतच नाही. वीज बनते मुख्यतः कोळशावर, सुमारे तीन चतुर्थांश. त्यामुळे माळरानावर सौर पॅनेल लागले की कमी होतो तो कोळसा. तेलाची आयात त्यानं एका थेंबानंही आपोआप घटत नाही. ती घटते तेव्हाच, जेव्हा तेलावर चालणारं काहीतरी विजेवर येतं. महाराष्ट्रातल्या सौर कृषिपंपांचंच बघा. आपल्याकडचे बहुतेक शेतीपंप आधीपासूनच महावितरणच्या विजेवर आहेत. त्यांच्या जागी सौरपंप आल्यानं शेतकऱ्याला रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जावं लागत नाही, आणि हा फायदा लहान नाही, कारण रात्रीच्या बिबट्याची आणि सापाची भीती ज्यांना माहीत आहे त्यांनाच त्याची किंमत कळेल. पण डिझेल त्यातून फारसं वाचत नाही. उत्तर प्रदेश-बिहारात, जिथे डिझेल इंजिनावर पाणी उपसतात, तिथे तोच सौरपंप थेट तेल वाचवतो. वस्तू एकच, काम वेगळं.

अशीच एक गफलत क्षमतेच्या आकड्यात होते. २०२५च्या मध्यात देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेत बिगर-खनिज (सूर्य, वारा, पाणी, अणू अशा) स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर गेला. मोठी गोष्ट आहे, अभिमानाची आहे. पण याचा अर्थ निम्मी वीज स्वच्छ झाली असा नव्हे. विहिरीवर दहा अश्वशक्तीचा पंप बसवला तरी विहिरीला पाणी असेल तेवढा वेळच तो चालणार. सौर पॅनेलचंही तसंच आहे, ऊन असेल तेवढंच. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत स्वच्छ स्रोतांचा वाटा साधारण चौथा हिस्साच भरतो.

मग तेलाची एवढी चिंता का करायची? कारण ते आपलं नाही. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, आणि २०२४-२५ मध्ये त्यासाठी सुमारे १३७ अब्ज डॉलर, म्हणजे साडेअकरा लाख कोटी रुपयांच्या आसपास, मोजावे लागले. नेहमीच असं नव्हतं. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या विहिरी खोदणाऱ्या तराफ्यानं मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात तेल शोधलं. अरब देशांनी तेल रोखल्याला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते आणि भाव चौपटीला भिडले होते. त्या ‘मुंबई हाय’चं तेल समुद्रतळावरच्या नळांतून उरणला येऊ लागलं आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्याला देशाच्या गरजेचा निम्म्याहून मोठा भाग देशातूनच भागत होता. तेव्हा देशात वर्षाला तीन कोटी टनांच्या आसपास तेल निघत होतं. आजही जवळपास तेवढंच निघतं, किंचित कमीच. चाळीस वर्षांत उत्पादन जागच्या जागी राहिलं आणि वापर सहापटीनं वाढला. नवं तेल शोधायला कुणाचीच ना नाही, पण ही दरी शोधमोहिमांनी भरून निघेल असं मानणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

या परावलंबनाचं मोल देशानं एकदा सोन्यात चुकवलं आहे. ऑगस्ट १९९०मध्ये इराकनं कुवेत गिळलं, तेलाचे भाव भडकले, आखातातल्या आपल्या माणसांकडून येणारा पैसा आटला. आधीच पोकळ झालेली परकीय चलनाची गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानानं लंडनला तारण म्हणून गेलं. कर्जाची इतर कारणं होतीच, पण शेवटचा धक्का तेलानं दिला. आज गंगाजळी भक्कम आहे. तरी विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथल्या खडकांतल्या भूमिगत कोठारांत मिळून ५३ लाख टनच तेल साठतं, म्हणजे देशाची नऊ-दहा दिवसांची गरज. युक्रेनवरच्या हल्ल्याआधी आपल्या आयातीत रशियन तेल दोन टक्क्यांच्या आसपास होतं. दोन वर्षांत ते तिसऱ्या हिश्श्यावर गेलं, कारण ते स्वस्त मिळालं. हे शहाणपणाचं होतं. पण विक्रेता बदलणं म्हणजे गरज कमी होणं नव्हे.

आता पुन्हा उसाकडे, कारण महाराष्ट्राचा जीव तिथे गुंतला आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रयोग २००१ साली झाले, त्यांतली दोन ठिकाणं मिरज आणि मनमाड. २००३ मध्ये कार्यक्रम रीतसर सुरू झाला, दहा वर्षं रखडला, २०१३-१४ मध्ये मिश्रण दीड टक्क्यावरच होतं. तिथून २०२२च्या मध्याला १० टक्के आणि २०२५ मध्ये २०. साखर कारखान्यांना यानं खरोखर सावरलं. साखर गोदामात महिनोन्‌महिने पडून राहते, व्याज चढतं. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून काही आठवड्यांत येतात. ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत बिल चुकतं करायचा कायदा १९६६ पासून आहे आणि तो किती पाळला जायचा हे ऊसपट्ट्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणून इथेनॉलला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही.

मात्र इथेनॉल आणि इथेनॉल यांतही फरक आहे. साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीपासून, कारखान्यांच्या भाषेत ‘सी हेवी’पासून, केलेलं इथेनॉल हे टाकाऊतून टिकाऊ आहे, ते करायलाच हवं. ‘बी हेवी’त, म्हणजे त्याआधीच्या टप्प्यातल्या मळीत, थोडी साखर सोडावी लागते. आणि थेट उसाच्या रसापासून इथेनॉल करायचं म्हणजे इंधनासाठी ऊस लावायचा. इथे पाणी आडवं येतं. नीती आयोगाच्या त्याच अहवालात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २८६० लिटर पाणी धरलं आहे. महाराष्ट्रात लागवडीखालच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो, असं कृषी खर्च व मूल्य आयोगानं नोंदवलं आहे. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आणि ती गाडी सुटायची तीच मुळी मिरजेहून. त्याच्या पंधरा वर्षं आधी इथेनॉलचा प्रयोग झालेलं हेच गाव.

पाऊस हुकला की इंधनही हुकतं, हे २०२३ मध्ये दिसलं. ऑगस्ट कोरडा गेला, साखर कमी पडेल अशी भीती आली, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्रानं रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशानं बंदी घातली. कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेले कारखाने हवालदिल झाले. काही दिवसांत बंदी सैल झाली, पुढच्या हंगामासाठी उठली, पण मधल्या काळात मका आणि तांदूळ पुढे आले आणि आता धान्यापासूनचं इथेनॉल उसाच्या पुढे गेलं आहे. परिणामी मक्याचा भाव चढला, शेतकऱ्याला बरा पैसा मिळाला, पण कोंबडीच्या खाद्याचा खर्च वाढला, आणि मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये तो आयात करू लागला. तेल आयात करायचं टाळण्यासाठी धान्य आयात करणं हा व्यवहार मला पटत नाही.

ब्राझील हे वळण आपल्याआधी फिरून आला आहे. १९७३च्या तेलसंकटानंतर १९७५ साली त्यांनी उसाच्या अल्कोहोलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी दहातल्या नऊ निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या होत्या. मग तेल स्वस्त झालं, साखर महागली, कारखाने साखरेकडे वळले आणि १९८९च्या सुमारास पंपांवर इथेनॉलसाठी रांगा लागल्या. लोकांचा विश्वास उडाला आणि तो परत आला तो २००३ नंतर, जेव्हा दोन्ही इंधनांवर, कुठल्याही प्रमाणात, चालणाऱ्या गाड्या आल्या. तिथला माणूस पंपावर दोन्हींचा भाव बघतो आणि ठरवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्राझीलनं पेट्रोलमधलं इथेनॉल ३० टक्क्यांवर नेलं, त्याचा दाखला आपल्याकडे दिला जातो. निवडीचा भाग मात्र त्यातून गळतो.

एका एकराचा हिशेब मला फार बोलका वाटतो. बागायती एकरात ४० टन ऊस धरा. टनाला ७० लिटर म्हणजे २८०० लिटर इथेनॉल, ताकदीत सुमारे १८५० लिटर पेट्रोलइतकं. लिटरला १५ किलोमीटर देणारी मोटार त्यावर अठ्ठावीस हजार किलोमीटर जाईल. आता तोच एकर, पण बरड माळाचा, सौर पॅनेलखाली घाला. एक मेगावॉटला चार-पाच एकर लागतात आणि वर्षाला साधारण १५ लाख युनिट वीज मिळते. एकरी तीन लाख युनिट. विजेवरची मोटार युनिटला सहा किलोमीटर जाते असं धरलं तर अठरा लाख किलोमीटर. साठपटीहून जास्त, आणि पाणी लागतं ते काचा धुण्यापुरतं. दोन्हीकडचे आकडे ठोकळ आहेत, बॅटरीचा खर्च वेगळा, आणि बागायती जमीन पॅनेलखाली घालू नयेच. पण पडीक जमिनीला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरवलेलं आहे. कोरडवाहू भागात हा पर्याय उसाइतक्याच गांभीर्यानं बोलला जायला हवा.

विजेच्या गाड्यांवर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, ‘वीज तर कोळशाचीच.’ आक्षेप खरा आहे. कोळशापासून चाकापर्यंतची गळती मोजली तर आज ऊर्जेचा फार मोठा फायदा दिसत नाही. पण कोळसा बहुतांश आपल्याच खाणींतला आहे, आणि वीज वर्षागणिक स्वच्छ होत जाते, तशी जुनी विजेची गाडीही आपसूक स्वच्छ होते. पेट्रोलच्या गाडीचं असं होत नाही. दुसरा आक्षेप, ‘तेलासाठी आखातावर अवलंबून होतो, आता बॅटरीसाठी चीनवर.’ हाही खरा, आणि तो झटकून टाकणाऱ्यांनी जरा थांबावं. बॅटरीला लागणाऱ्या धातूंच्या शुद्धीकरणात चीनचं वर्चस्व आहे. तरी दोन्ही परावलंबनं सारखी नाहीत. तेलाची जहाजं थांबली तर साठा संपताच गाड्या थांबतात. बॅटरी यायची थांबली तर नव्या गाड्या थांबतात, रस्त्यावरच्या धावत राहतात.

आपल्याकडे हा बदल मोटारींपासून नव्हे, तीनचाकींपासून आला. नव्या विकल्या जाणाऱ्या तीनचाकींत आता निम्म्याहून जास्त विजेवरच्या आहेत, कारण रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्याला इंधनाची बचत लगेच हातात दिसते. सीएनजीनं शहरांची हवा सुधारली, पण निम्म्याच्या आसपास नैसर्गिक वायूही बाहेरूनच येतो. स्वयंपाकाच्या गॅसपैकी तर निम्म्याहून जास्त आयात, तीही मुख्यतः आखातातून. इंडक्शन शेगडीवर आपल्याकडे किती कमी बोललं जातं!

आणि डिझेल? त्याचं सर्वांत मोठं उत्तर रुळांवर आहे, आणि त्यावर कुणी वाद घालत नाही म्हणून ते बातमीतही येत नाही. देशाचे जवळपास सगळे ब्रॉडगेज मार्ग आता विजेवर आले आहेत. कोकण रेल्वे मार्च २०२२ मध्ये पूर्ण विद्युतीकृत झाली. याच कोकण रेल्वेनं १९९९ पासून कोलाड ते वेर्णा मालाचे भरलेले ट्रक थेट सपाट वाघिणींवर चढवून नेले. घाटातलं डिझेल वाचलं, चालकाला झोप मिळाली, मुंबई-गोवा रस्त्यावरचा भार हलका झाला. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत देशातला सुमारे ८५ टक्के माल रेल्वेनं जायचा. आज तो वाटा ३० टक्क्यांच्या आत आहे. उत्तर प्रदेशातलं दादरी ते मुंबईजवळचं जवाहरलाल नेहरू बंदर हा १५०६ किलोमीटरचा मालवाहतूक मार्ग याच कारणासाठी आखला गेला. मालाचा एक मोठा हिस्सा ट्रकवरून विजेच्या रुळांवर परतला, तर जे डिझेल वाचेल ते कुठल्याही मिश्रणातून वाचणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

राहता राहिला पैसा. एप्रिल २०२० मध्ये जगात तेल कोसळलं, आपण घेतो त्या तेलाचा सरासरी भाव पिंपाला २० डॉलरच्या आसपास आला. पंपावर मात्र दर उतरले नाहीत, कारण मार्चच्या आधी लिटरमागे १९.९८ रुपये असलेलं पेट्रोलवरचं केंद्राचं उत्पादन शुल्क मे महिन्यात ३२.९८ झालं. त्यावर राज्याचा व्हॅट वेगळा. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे आणि केंद्र-राज्य दोघांनाही ते तिथेच हवं आहे, कारण हा त्यांचा सर्वांत खात्रीचा गल्ला आहे. गाड्या विजेवर गेल्या की हा गल्ला रिकामा होत जाणार. शाळा, दवाखाने, रस्ते यांचा खर्च मग कशातून भागवायचा? विजेवर कर वाढवून, की किलोमीटरमागे आकारणी करून, की मोठ्या गाड्यांवर जास्त बोजा टाकून? महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात पुढच्या दहा वर्षांत इंधनावरचा व्हॅट कसा घटत जाईल आणि त्याच्या जागी काय येईल, याचा तक्ता सरकारनं आतापासूनच विधिमंडळात मांडावा.